गव्हाच्या मुलखात अण्णा

पिपलानी, भोपाळ
९ जुलै १९८९

ती. सौ. विमलताई हिस,
धाकट्या भावाचा नमस्कार.

एका अत्यंत गंभीर अन्यायाची तक्रार तुझ्या दरबारी नोंदवायची आहे. आमच्या वसाहतीतल्या चक्कीवाल्याने मला वाळीत टाकले आहे. अपराध एवढाच, की मी डबाभर ज्वारी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याने झाकण उघडून आत पाहिले आणि मी गोवऱ्या दळायला आणल्या असाव्यात अशा चेहऱ्याने ते परत लावले. "बाबूजी, ज्वार डालूँगा तो पीछे वाले का आटा काला निकलेगा." मागे उभ्या असलेल्या बाईंनी आपला गव्हाचा डबा हळूच बाजूला सरकवला. ज्वारीची बाधा हवेतून होत असावी. अखेर तह असा झाला, की सगळ्यांचे गहू दळून झाल्यावर, चक्की बंद करण्यापूर्वी, माझी ज्वारी दळली जाईल. जात्यात अडकलेला दुसऱ्याचा गहू त्या पिठात येतो तो येतोच. म्हणजे अण्णा ज्याच्यापासून पळतात, तो मागल्या दाराने घरात शिरतोच.

हा खटाटोप अण्णांसाठी. तू त्यांना होळीनंतर इकडे पाठवलेस. गावी एकटे राहून हाडे दिसू लागली, तिथली स्वयंपाकाची बाई कधी येते कधी येत नाही, सुनेच्या हातचे चार दिवस खातील तर अंग धरतील, असा आपला विचार. सुनेनेही कंबर कसली. प्रतिभा ग्वाल्हेरची, तिच्या माहेरी धान्य म्हणजे गहू, बाकी सारे गुरांसाठी. तिने सीहोरकडचा शरबती गहू निवडून आणला. या मुलखात शरबती म्हणजे गव्हातला राजा. घडीच्या पोळ्या, वर तूप. पहिले काही दिवस अण्णांनी पानात चिवडाचिवड केली आणि मग एकदा ताट सरकवून म्हणाले, "रोज गहू कशाला? मी पाहुणा आहे, की आजारी?"

प्रतिभाला कळेना, यात रागवण्यासारखे काय. मी समजावले, की आमच्या घरी पोळी तीनच प्रसंगी होई: सण, जावई आणि दुखणे. बाकी वर्षभर भाकरी. म्हणून रोज पोळी वाढली की म्हाताऱ्याला वाटते, आता एक तर निरोप देणार किंवा वैद्य बोलावणार. ती म्हणाली, "मी चांगल्यातलं चांगलं वाढलं, तर त्याचा हा अर्थ?"

मी दिवसभर राजभाषा विभागात बसून यंत्रांच्या सुट्या भागांना संस्कृत नावे देतो. ती कारखान्यात कोणीही वापरत नाही. तेव्हा उपेक्षा म्हणजे काय ते मला समजते. पण प्रतिभाला तिची सवय नाही.

तर ताई, बार्शीची चांगली मालदांडी ज्वारी कोणाबरोबर पाठवता येईल का? इथे बाजारात जी मिळते ती हायब्रीड, आणि विकणारा आधी विचारतो, घरी म्हैस किती लिटर देते.

दाजींना नमस्कार.

तुझा,
गोपीनाथ


बार्शी
२१ जुलै १९८९

चि. गोपीनाथ यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे हसले, मी नाही हसले. वडील जेवत नाहीत हे सांगायला तुला चक्कीवाल्यापासून सुरुवात करावी लागते. सरळ लिहायला कधी शिकणार?

यांच्या पतपेढीतले हेमंतराव पुढच्या आठवड्यात मुलीकडे निघालेत. मुलगी तिकडे टी. टी. नगरला दिलेली. त्यांच्याबरोबर पोतं पाठवतेय. मालदांडी आहे, यंदाची, मोत्यासारखी. त्यांना हबीबगंज स्टेशनवर उतरवून घ्यायला जा. बिचारे साठीचे आहेत, त्यांच्या पाठीवर पोतं देऊन तू बाजूला उभा राहून श्लोक म्हणू नकोस.

प्रतिभाला सांग, पाणी उकळतं हवं आणि पीठ ताजं. चार दिवसांपूर्वीचं पीठ असेल तर देवालाही थापता येणार नाही. भाकरी तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात फिरवायचा. आणि भाकरी मोडते आहे म्हणून वेड्यासारखं रडायचं नाही. माझी दोन वर्षं मोडत होती.

माझ्याकडे ठेवून घेतलं असतं रे त्यांना. घरात ज्वारीची कणगी भरलेली आहे. पण दिवाळीला आले तेव्हाच म्हणाले, लेकीच्या घरचं अन्न नको. ताटावर बसले नाहीत. चहा पुढे केला तर म्हणाले, तुळशीपुढे ठेव. या वयात रीत आठवली त्यांना. मग मी तरी किती आग्रह करणार? मलाही मन आहे. म्हणून तुझ्याकडे पाठवले. मुलाच्या घरी ही अडचण येणार नव्हती.

वजन केलंस का त्यांचं? पुढच्या पत्रात गहू-ज्वारी नको, अण्णा लिही.

विमलताई


पिपलानी
१७ ऑगस्ट १९८९

ती. सौ. विमलताई हिस,
नमस्कार.

हेमंतराव आणि पोते सुखरूप पोचले. उतरवून मीच घेतले. तुझ्या आज्ञेप्रमाणे एकही श्लोक म्हटला नाही. पोते सायकलच्या कॅरियरवर लादून वसाहतीत शिरलो तेव्हा शेजारचे सरदारजी म्हणाले, "पंडितजी, भैंस ले ली क्या?"

तू म्हणतेस अण्णा लिही. पण ताई, अण्णांवर लिहायचे म्हणजे धान्यावर लिहिणे आलेच. मी बराच विचार केला आहे, आणि तो तुला ऐकावा लागेल, कारण इथे ऐकणारे कोणी नाही.

आमची वसाहत म्हणजे देशाचे एक मोठे ताट आहे. सरकारने कारखाना काढला आणि साऱ्या हिंदुस्थानातून माणसे उचलून एकसारख्या घरांत ठेवली. घरे सारखी, पगाराच्या श्रेण्या ठरलेल्या, पण संध्याकाळी रस्त्याने चालत गेले की वासावरून प्रांत ओळखावा: इथे मोहरीचे तेल, तिथे खोबरेल, पुढे सरदारजींचा तंदूर. पहिल्या पिढीने हट्ट धरला. मल्याळी मंडळी नारळ घेऊन येत, बंगाली शुक्रवारी मासळीसाठी जुन्या शहरात जात. पण कंट्रोलच्या दुकानात मिळतो गहू. कँटीनमध्ये स्वस्त मिळते पुरी-भाजी. शाळेत मुलांच्या डब्यात पराठा नसला तर शेजारची पोरे हसतात. मग हट्ट रविवारपुरता उरतो, पुढे सणापुरता, आणि शेवटी तो फक्त म्हाताऱ्यांकडे उरतो. आपला जयंत भाकरी बघून म्हणाला, "पापा, ये तो गाँव वाली रोटी है." कॉलेजात जातो, घरात हिंदी बोलतो. त्याच्या तोंडी "गाँव वाली" हा निदानाचा शब्द आहे.

आणि शेतकऱ्याने ज्वारी पेरायची तरी कशाला? बिट्टन मार्केटच्या हाटात एका म्हाताऱ्या माळवी शेतकऱ्याला मी विचारले. तो म्हणाला, त्याच्या बापाच्या शेतात ज्वारी आणि तूर होती, आता सारे सोयाबीन. "घर में क्या खाते हो?" "गेहूँ, और क्या. सोयाबीन तो बेचने का है, खाने का थोड़े ही." जे पिकवतो ते तो खात नाही, आणि जे खात होता ते पिकवत नाही. त्याच्या सुनेलाही भाकरी आता येत नाही. गव्हाचा माणूस वरचा, ज्वारीचा खालचा, हे कोणी कायदा करून ठरवले नाही. पण हाटात पिशव्या बघून कळते.

तेव्हा अण्णांचा हट्ट मला आता हट्ट वाटत नाही. सारा मुलूख एका बाजूला वाहत असताना एक म्हातारा आपल्या ताटापुरता पाय रोवून उभा आहे, असे वाटते. मला त्यांचा थोडा अभिमानही वाटू लागला आहे.

बरे, आता बातमी. ते जेवू लागले. प्रतिभाची भाकरी मोडते, पण अण्णांची तक्रार नाही. ते स्वतःच ती बारीक कुस्करून दुधात भिजवतात आणि काला करून खातात. अट एकच: त्या वेळी कोणी जवळ बसायचे नाही. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून तासभर बसतात. मी म्हटले, "अण्णा, ऋषीसुद्धा समाधीतून लवकर उठत असत." ते म्हणाले, "तू तुझं ऑफिस सांभाळ." आवाज थोडा बसला आहे, पण पाऊस चालू आहे, इथे सगळ्यांचेच घसे बसले आहेत.

वजन अजून केले नाही. करतो.

गोपीनाथ


पिपलानी
३० ऑगस्ट

ती. सौ. वन्संना,
प्रतिभाचा नमस्कार.

मी हे पत्र त्यांना न सांगता टाकते आहे. ते तुम्हाला काय लिहितात ते मला ठाऊक आहे. त्यांच्या पत्रात सगळं छान वाटतं.

वन्सं, अण्णा खात नाहीत. मी परवा व्हरांड्यामागे बाग साफ करायला गेले, तर गुलाबाच्या झाडामागे भिजवलेल्या भाकरीचा ढीग. चिमण्या, मैना, खारी, सगळ्यांची पंगत चालली होती. रोजचं असणार. दूध तेवढं पितात, तेही घोट घोट, आणि वरून म्हणतात, "आज भाकरी छान झाली हो."

मला खूप वाईट वाटलं. ग्वाल्हेरला आमच्याकडे भाकरी कधी झाली नाही, हे खरं. पण मी दोन महिने हात भाजून शिकले. उकळतं पाणी घेते. ताजं पीठ घेते. ह्यांना चक्कीवर रोज पाठवते, ते रोज उशिरा जातात, रोज दोघांची बहस होते. आणि अण्णा ते चिमण्यांना घालतात. सरळ म्हणावं ना, तुझ्या हाताला चव नाही. मी ऐकून घेतलं असतं. परक्या मुलखातली सून आहे म्हणून गोड बोलून टाळतात, असं मला वाटतं. मी त्यांना विचारलं नाही, त्यांचा अपमान होईल.

तुमच्या हातची त्यांना सवय. तुम्ही नेमकं काय करता, ते खरं खरं लिहा. मीठ घालता का? की माझंच काही चुकतं?

ह्यांना सांगू नका. ते यावरही काहीतरी लिहीत बसतील.

तुमची,
प्रतिभा


बार्शी
९ सप्टेंबर १९८९

चि. गोपीनाथ यास,

हे पत्र मिळेल त्या दिवशी मी सांगते ते कर. उद्यावर टाकू नकोस.

तुझा ज्वारीवरचा प्रबंध मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा खरा वाटला. मग प्रतिभाचं पत्र आलं. तिच्यावर रागवशील तर याद राख. त्या घरात डोळे तिलाच आहेत. अण्णा भाकरी पाखरांना घालतात, दूध तेवढं पितात. हे तुझ्या प्रबंधात कुठे बसतं ते सांग.

मी काल दिवसभर विचार करत होते. अरे, बहात्तरच्या दुष्काळात कंट्रोलवर तांबडा मिलो मिळायचा, आठवतं? अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी म्हणजे चिखलाची चकती. आई रडायची, तू सुट्टीवर आला होतास तेव्हा ताट भिरकावलं होतंस. अण्णा एक शब्द न बोलता दोन भाकऱ्या खायचे. तो माणूस शरबती गव्हावर रुसेल? त्यांना कधीच कुठल्या धान्याचा हट्ट नव्हता. हट्ट आपण त्यांना चिकटवला.

आणि दुसरं. मी तुला लिहिलं, लेकीच्या घरचं अन्न नको म्हणाले. लिहिताना मला राग होता, म्हणून पुढचं लिहिलं नाही. आमच्या शांतारामच्या बारशाला अण्णांनी या घरात पहिलं ताट घेतलं. नातू झाला, आता चालतं, असं म्हणून. त्याला चोवीस वर्षं झाली. त्यानंतर दर सणाला ते माझ्याकडे जेवले आहेत, मागून मागून जेवले आहेत. मग गेल्या दिवाळीला एकाएकी रीत कुठून आठवली? मी रुसून बसले. यांनी मला समजावलं की म्हातारपणी माणूस मागे जातो. आम्हाला दोघांनाही ते पटलं. पटायला सोपं होतं.

गोपीनाथ, ते माझ्याकडे रीत सांगून उठले आणि तुझ्याकडे गहू सांगून. कोणाकडेच जेवले नाहीत.

त्यांच्यासमोर बस. भिंतीकडे तोंड करू देऊ नकोस. आणि ते पाणी कसं पितात, ते बघ. भाकरी नको, दूध नको, नुसतं पाणी. मग लगेच लिही. न सजवता लिही.

ताई


पिपलानी
२८ सप्टेंबर १९८९

ताई,

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी अण्णांसमोर पाण्याचा पेला ठेवून बसलो. म्हटलं, "ताईने विचारलंय, तुम्ही पाणी कसं पिता."

"तिला सांग, तोंडाने."

"माझ्यासमोर प्या."

त्यांनी धोतराचा सोगा हाताशी घेतला. मग पेला उचलला. एक घोट गेला. दुसऱ्या घोटाला ते थांबले, मान पुढे घेतली, छातीच्या मधोमध बोट टेकवलं, आणि पाणी परत आलं. धोतराच्या सोग्याने तोंड पुसून म्हणाले, "विमल लहानपणापासून चौकस."

गेल्या दसऱ्याच्या सुमारापासून आहे म्हणाले. आधी पोळी अडकायची, कारण ती तुटत नाही. भाकरीचा भुगा होतो, तो दुधाबरोबर जायचा, म्हणून भाकरी मागितली. तू पोतं पाठवलंस तोवर भुगाही जाईनासा झाला होता. मी विचारलं, सांगितलं का नाही. ते म्हणाले, "भाकरी मागणारा म्हातारा घरात राहतो रे. न गिळणारा दवाखान्यात राहतो. आणि तुम्ही दोघं इतकी छान कारणं काढत होता, मला काही बोलावंच लागलं नाही."

हे ते हसत म्हणाले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रुग्णालयात नेलं. वजन केलं. आकडा लिहीत नाही. त्यांना पांढरं औषध प्यायला देऊन फोटो काढले. डॉक्टर भले आहेत, त्यांनी फोटो उजेडासमोर धरून मला दाखवला. अन्ननलिका खाली खाली येत एका ठिकाणी दोऱ्याएवढी होते. गाठ आहे. इंदूरहून गाठीच्या तुकड्याचा तपास करून आणला, त्यात संशयाला जागा राहिली नाही. शस्त्रक्रिया या वयात, या अंगावर करता येणार नाही म्हणाले. पोटातून नळी घालून अन्न देता येईल. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि हात जोडले. डॉक्टरांना वाटलं नमस्कार करतात. मला माहीत आहे, तो नकार होता. दिवाळीपर्यंत तरी राहतील ना, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर फोटो पाकिटात घालू लागले.

प्रतिभाला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताचं काही नव्हतं," आणि पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन बसली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती आंबील करायला. पातळ करते, गाळते, पुन्हा गाळते. चमच्याने देते. पाच-सहा चमचे जातात, कधी दोन. जयंत कॉलेज बुडवून त्यांच्याजवळ बसतो. तो मराठी बोलण्याचा प्रयत्न करतो, अण्णा त्याला सुधारतात. तुझी चौकशी रोज होते. तू आलीस तर त्यांना बरं वाटेल. दाजींना विचार आणि निघ. शांतारामलाही कळव.

मागच्या पत्रात मी लिहिलं तेही खरंच आहे, ज्वारीचं, सोयाबीनचं, कंट्रोलच्या गव्हाचं. पण ते सगळं मी बसून जुळवत होतो तेव्हा पलीकडे व्हरांड्यात अण्णा घास गिळायचा प्रयत्न करत होते.

तू म्हणालीस, न सजवता लिही. तर एकच लिहायचं राहिलं आहे. मला वाटत होतं, अशा दुखण्यात भूक मरत असेल. मरत नाही. काल प्रतिभाने वरणाला फोडणी दिली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली. मी विचारलं, "अण्णा, भूक लागलीय?" ते म्हणाले, "लागते रे. सारखी लागते." आणि मी काही करतो का, ते बघत राहिले.

ताई, ते जाणार, हे मी मनाशी धरलं आहे. ते भुकेले जातील, याची मला भीती वाटते.

गोपीनाथ